माशाच्या उवा

माशालाही उवा होतात आणि त्या चावल्या की त्याला खाज सुटते, या गोष्टीची मनापासून काळजी करणारा माणूस पृथ्वीतलावर एकच जन्माला आला, आणि नेमका तोच माझा थोरला साडू निघाला. नाना धुळ्याला गुरांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी पेन्शन घेऊन ते पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात राहायला गेले. आता हे देवधर्मात रमतील, असे सगळ्यांना वाटले. नानांनी अंगणात दगडी डोणी मांडली, भोयांकडून पांझरेतले जिवंत मासे आणून तिच्यात सोडले आणि चिमटा घेऊन त्यांच्या अंगावरच्या उवा वेचायला बसले. घर माळकऱ्यांचे. त्यामुळे निम्मी गल्ली म्हणे, "डॉक्टर मासे खातो," आणि उरलेली म्हणे, "खात असता तर निदान समजलं तरी असतं."

ऊ चावली त्या जागेवरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेऊन नाना तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवत आणि येईल त्या पाहुण्याला वाकवून बघायला लावत. चहा नंतर. "त्या पांढऱ्या पेशी बघा, साडूबुवा! ऊ चावली की कुठून कुठून धावत येतात. आमंत्रण नको, मानपान नको. आपल्या लग्नात येतात का अशी माणसं?" मला कित्येक महिने फक्त माझ्याच पापण्या दिसत होत्या, तरी मी "वा!" म्हणत असे. एकदा शिंदखेड्याकडचा एक शेतकरी लंगडणारा बैल घेऊन दारात आला. "थांब, इथं लढाई जुंपलीय," म्हणून नाना यंत्रावरून मान वर करीनात. शेवटी तो वैतागून म्हणाला, "डाक्टरसाहेब, मना बैल उभा शे तंवर देखी ल्या. मासा काय, आख्खा दिन पानीमाच शे!" मग नानांनी बैलाचा चिघळलेला खूर हळुवार हातांनी धुतला. "हा नुसता पू नाही बरं. हे कामी आलेले शिपाई आहेत," त्यांनी समजावले. शेतकऱ्याने गोंधळून बैलालाच हात जोडले.

पुढे एका उन्हाळ्यात नानांच्या पत्नीच्या, आमच्या अक्कांच्या, तळहातात बाभळीचा काटा मोडला. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. निरोप मिळताच मी आणि माझी बायको जळगावहून धावलो. माणसांचे डॉक्टर चीर देऊन गेले होते. "आता वाट बघायची," एवढेच ते म्हणाले होते. नाना काचपट्टी घेऊन उभे असतील अशी मला धास्ती होती. पण ते उशाशी बसून अक्कांच्या कपाळावरच्या घड्या बदलत होते. माशांच्या नावाने रोज बोटे मोडणाऱ्या अक्कांनी डोळे उघडले.

"अहो, असे काय बसलात? घ्या की माझा एक थेंब. आल्यात का बघा, तुमच्या त्या पांढऱ्या."

नानांनी मान हलवली. "माशाचं बघवतं गं," ते म्हणाले, "तुझं नाही बघवत."

अक्का बऱ्या झाल्या. पण त्या हाताची मूठ पुन्हा पुरती मिटली नाही, आणि भाकरी थापायचे काम नानांकडे आले. त्यांची एकही भाकरी कधी गोल झाली नाही. ताटात पडलेल्या भाकरीकडे बघत अक्का विचारीत, "हा आज कुठला मासा?" आणि मग कडेच्या करपलेल्या तुकड्यासकट ती सगळी खाऊन टाकीत.