जांभ्यावर न थरथरलेलं इंजिन

बॅलन्स शाफ्ट काढायचे की ठेवायचे, हे ठरवायला मला एक कप चहा पुरला. त्याचा मला आजही संताप येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या मोठ्या भावाने आमच्या मिरकरवाडा बंदरात लाकडी बोट बांधून घेतली आणि तिच्यासाठी भंगारातून चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलं. मी नुकतंच मुंबईहून परतून छोटं वर्कशॉप टाकलं होतं. मुंबईत शर्यतीच्या मोटारींची इंजिनं बांधणाऱ्या गॅरेजात तीन वर्षं काढलेली, डोक्यात हवा गेलेली. भाऊ म्हणाला, "मला वेग पाहिजे रे. मासळी घेऊन बंदरात पहिली माझी बोट लागली पाहिजे. बाकी तू बघ."

इंजिनाच्या पोटात, क्रँकच्या खाली, हे दोन शाफ्ट एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात आणि पिस्टनच्या उड्यांचे हादरे मारून टाकतात. पण त्यांना फिरवण्यात ताकद जाते, तेल उगाच घुसळलं जातं. शर्यतीच्या गाड्यांतून आम्ही ते सरळ उपटून काढायचो. गाडीवाला तासभर हादरे खातो आणि खाली उतरतो. बोटीच्या फळ्यांना उतरायची सोय नसते, एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

काढले. त्यांच्या तेलाच्या वाटा पितळी बुचं ठोकून बंद केल्या. वर्कशॉपमागे जांभ्या दगडाचा चौथरा होता, त्यावर इंजिन आवळून चालवलं. वर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी जेमतेम हललं! मी शहाणा खूश झालो. हादरे कुठे गेले, तर त्या जांभ्यात. आमच्याकडे घर काय, विहीर काय, सगळं जांभ्यावर. तो सगळं पचवतो याची इतकी सवय, की मला शंकासुद्धा आली नाही.

बोट ज्यांनी बांधली ते भाट्ये गावचे म्हातारे सुतारकाका. इंजिन बोटीत बसवून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ते खाली उतरले, आतून फळीवर तळहात ठेवून डोळे मिटून बसले. त्यांची ती रीतच होती.

"हिला शिरशिरी भरलीय रे," ते म्हणाले. "फळ्यांच्या सांध्यात ठोकलेला कापूस टिकायचा नाही, पाणी आत येईल."

"काका, तुम्ही रंधा सांभाळा, इंजिनाचं मी बघतो," मी सगळ्यांसमोर म्हणालो. खलाशी हसले. काका लुंगीला हात पुसत वर गेले.

भावाला शाफ्टचं मी सांगितलंच नव्हतं. त्याने हादऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा, "नवं बसवलंय, रुळेल," म्हणून वेळ मारून नेली. वेग मात्र खरंच मिळाला. काही दिवस आमची बोट पहिली लागायची आणि मी धक्क्यावर छाती काढून फिरायचो.

मग एका दुपारी जयगडसमोर तिच्या तळाचे सांधे सुटले. पंप पुरा पडेना. शेजारच्या बोटीने पाचही माणसांना उचललं, म्हणून आज हे सांगायला तोंड आहे. बोट गेली. इंजिनही तिच्यासोबत गेलं, म्हणजे माझ्या करणीचा पुरावाच उरला नाही.

धक्क्यावर गर्दी जमली. भाऊ ओल्या कपड्यांनी काकांवर धावून गेला. "कापूस ठोकलात की नुसता चिकटवलात? माझी माणसं मेली असती!"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मेल्या, एक वाक्य! मी खाली बघत राहिलो. काका माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. आपल्या पंजांकडे बघत राहिले.

त्यानंतर काकांना कोणी बोट दिली नाही. भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. मी वर्कशॉप चालवत राहिलो आणि काढलेले शाफ्ट तिथल्या कामाच्या फळीखाली गोणपाटात गुंडाळून ठेवले.

चार वर्षांनी ते शाफ्ट गोणपाटासकट पिशवीत टाकून मी भाट्याला गेलो. सगळं ओकून टाकायचं ठरवूनच. काका पडवीत पोळपाट घडवत बसले होते. बोटी बांधणारा माणूस, पोळपाट! मला बघून धडपडत उठले. मी पिशवी उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "तुझ्या भावासमोर जायचा मला धीर नाही. वय झालं होतं रे माझं, तेव्हाच थांबायला हवं होतं. एखादा सांधा राहिला असणार. तू तेवढा राग धरू नकोस."

त्यांचे डोळे भरले होते. पिशवी माझ्या पायाशी होती.

"जाऊ दे काका," मी म्हणालो. "चुकतं माणसाचं."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत हाक दिली. मी तो चहा प्यायलो, आणि पिशवी उचलून घरी आलो.