माझ्या मुलीची सव्वा मूठ

गावात माझ्या माघारी मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. कोणी तोंडाळ म्हणतं, कोणी रोट अडवणारी. तोंडाळ हे नाव मी माहेराहून, धानोऱ्याहून घेऊन आले. दुसरं मात्र मी सासरी स्वतः कमावलं, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

आमचं गाव लोणखेड्यापासून जवळच. घरची पपईची बाग आहे आणि ती मी बघते. नवरा शहाद्याला नोकरीला. रोपं लावण्यापासून ठिबकच्या नळ्या साफ करण्यापर्यंत सगळं माझ्या अंगावर. तरी फळ उतरवायला आलं की व्यापाऱ्याचा फोन येतो आणि माझा आवाज ऐकला की तो विचारतो, "भाऊ शे का घरमा?" मी म्हणते, भाव बोला, माल मन्हा शे. तो हसतो. "नई वहिनी, सांजले भाऊसंगे बोलसू." संध्याकाळी नवरा मला विचारतो काय सांगू, मी सांगते, तो तेच फोनवर म्हणतो आणि सौदा होतो. व्यापारी चारचौघांत सांगतो, भाऊ व्यवहाराला पक्का माणूस. नवरा ते मला हसत हसत येऊन सांगतो. मीही हसत असे. पण हे किती दिवस हसून घालवायचं, असं मनात यायला लागलं होतं, आणि त्याच सुमाराला कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नाकडोळे, नथ, दागिने घालून देवी सजवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला रोट करायचे, म्हणजे त्या दिवसापुरत्या खास गव्हाच्या पुरणपोळ्या. ते गहू असे तसे घ्यायचे नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून सुपात घ्यायचे. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. आदल्या दिवशी गावातला चक्कीवाला चक्की धुऊन ठेवतो, दुसऱ्या धान्याचा कणही लागू देत नाही. रोट खायचे ते घरच्यांनीच. लग्न होऊन गेलेल्या लेकीला त्यातला तुकडाही चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. मी परक्या घरून आलेली सून, मला चालतो. या घरात जन्मलेलीला चालत नाही. आणि मूठ तर दोघींच्याही नावाची नाही.

देवी बाई. नैवेद्य बाया करणार. उपास बाया धरणार. मोजायचे मात्र पुरुष. कोणाच्या डोक्यातून हे निघालं असेल त्याला माझा दुरूनच नमस्कार.

त्या वर्षी सासूबाई अंगणात घसरून पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. दरवर्षी गहू त्या मोजत. डाव्या हाताने देवीचं काम कसं करणार? थोरल्या जाऊबाईंना नेमका गहू मोजायच्या सकाळीच कावळा शिवला, म्हणून त्या बाहेर पडवीत गोणपाटावर बसलेल्या. राहिले मी. सासूबाई म्हणाल्या, मी नावं घेते, तू मूठ टाक. म्हणजे त्या शनिवारी सकाळी मूठ माझी आणि नावं त्यांची, असा कारभार होता. सूप धरायला माझी मुलगी. तेव्हा ती सातवीत होती.

"हाई मन्हा थोरलानी," सासूबाई म्हणाल्या. मी मूठ टाकली, वर थोडे दाणे. "हाई धाकलानी." म्हणजे माझ्या नवऱ्याची. मग जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, दोन्ही मुलांची. त्यांतला मोठा सुरतेला असतो, कानबाईला किती वर्षांत आला नव्हता, पण त्याची मूठ कधी चुकली नाही. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. सासूबाईंनी डोळे मिटले, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आनि हाई पोटमानानी."

मूठ टाकायला माझा हात आपसूक गव्हात गेला. सुपाची कड धरून बसलेली माझी मुलगी तेवढ्यात म्हणाली, "आजी, मन्ही कोठे?"

"पोरनी मूठ नई ऱ्हास, बेटा. तू उद्या दुसराना घरनी."

"मंग हाऊ पोटमाना? तो ते आजून व्हयना बी नई."

"तो घरना शे."

"आनि पोर व्हयनी ते?"

"अशी वानी काढानी नई!" सासूबाई एकदम कडाडल्या.

मुलगी रडली नाही, रुसली नाही. तिने सूप जरा खाली घेतलं आणि मान घालून गव्हाकडे बघत राहिली, आणि मला तेच सहन झालं नाही. ती मान मी ओळखत होते. धानोऱ्याला माझ्या भावाला दुधाचा पेला मिळायचा आणि मला त्याच्या तळाची साय पुसायला मिळायची, तेव्हा मी अशीच मान घालत होते. मला समजूतदार म्हणायचे. ते समजूतदारपण माझ्या मुलीच्या मानेत उतरताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

पोटातल्याची मूठ मी टाकली. मग गव्हात पुन्हा हात घातला, चांगली भरून मूठ घेतली, सुपात सोडली, वर पाव मूठ घातली आणि मोठ्याने म्हणाले, "हाई मन्ही पोरनी."

सासूबाईंनी हाक मारून जेठांना आत बोलावलं. जेठ ओट्यावर चहा पीत होते, कप हातात घेऊनच आले. आमच्यात जेठ आणि धाकटी सून समोरासमोर बोलत नाहीत. त्यांना मला काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगतात, आणि मी पदर ओढून भिंतीलाच उत्तर देते. त्यांनी सुपाकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "माय, ती मूठ काढी टाक."

सासूबाई वाकल्या. "कशी काढू रे? समदी मियी गई."

खरंच होतं ते. गव्हात गहू मिसळला होता. कुठला दाणा माझ्या मुलीचा आणि कुठला सुरतेच्या नातवाचा, हे देवीलाही सांगता आलं नसतं. जेठ म्हणाले, "मंग समदं वती टाक, नवं मोज."

तेव्हा पहिल्यांदा मी भिंत सोडून त्यांच्याकडे पाहून बोलले. डोक्यावर पदर होता, नाही असं नाही. पण तोंड त्यांच्याकडे होतं.

"मोजा ना दादा. तुम्हीच मोजा. दळी बी तुम्हीच आना, पुरन बी तुम्हीच वाटा आनि रोट बी तुम्हीच लाटा. मन्ही पोरनी मूठ नई, ते मन्हा हात बी नई."

मी घाबरले होते, पण जेठांना नाही. मी पण कानबाईला मानते. पुढे वर्षभरात घरातल्या कुठल्याही पोराला साधा ताप आला असता, मोटारसायकलवरून कोणी पडलं असतं, तरी बोट माझ्याकडे आलं असतं आणि जन्मभर माझ्यावर रोखलेलं राहिलं असतं. सासूबाई तेच म्हणाल्या, देवी कोपली म्हणजे? मी म्हटलं, कोपू द्या, माझ्यावर कोपेल. ती स्वतः बाई आहे. एका पोरीला मोजलं म्हणून ती रागावणार असेल तर मी तिच्याशी बघून घेईन.

जेठांनी शेवटी तोडगा काढला की भाऊबंदांतली कोणीतरी बाई बोलवा, ती रोट करील. पण सासूबाईंनीच मान हलवली. आमच्या देवीच्या रोटाला दुसऱ्या चुलीची बाई हात लावत नाही, असा आमचा नियम. पुरुषांची नावं आणि बायांचे हात, असा हा नियम ज्यांनी केला, त्यांनी बाई एखाद्या वर्षी नाही म्हणेल हे धरलंच नव्हतं. माझ्या लक्षात आलं की आज या घराची चूल माझ्यावाचून पेटत नाही, आणि त्याने माझ्या पाठीला एकदम कणा आला.

नवरा तोवर बाहेरून आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "एवढुशी गोष्ट शे. सननी कसाले वाट लावतीस?"

"एवढुशीच शे ना?" मी म्हटलं. "मंग दी टाका."

हे मी तेव्हापासून सगळीकडे पाहिलंय. बाई काही मागते तेव्हा ती गोष्ट एवढीशी असते, आणि ती द्यायची वेळ आली की तिच्यावर सगळं घर उभं असतं. मग एवढीशी म्हणता कशाला? मोठी आहे म्हणा, आमचा जीव अडकलाय त्यात म्हणा. निदान भांडण तरी सरळ होईल.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. जाऊबाई गोणपाटावरून उठल्या नव्हत्या, आत यायची त्यांना बंदी होती. दाराच्या चौकटीतून त्यांचं फक्त लुगडं दिसत होतं.

"मन्ही पोरनी बी टाक, बहिन."

त्यांची मुलगी चिंचपाड्याकडे दिलेली. दर कानबाईला ती हौसेने माहेरी यायची, देवीला फुलं करायची, आमच्याबरोबर राबायची, आणि पंगत बसली की वेगळ्या पातेल्यातला वरणभात घेऊन बाजूला बसायची. आम्ही तिच्यासमोर रोट खात असू. मीही खात होते.

जेठ दाराकडे वळून ओरडले, "तुले कोनी इचारं?"

"कोनीच नई इचारं," जाऊबाई म्हणाल्या. "आजलोंग."

एवढ्या वर्षांत त्यांनी जेठांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांचा आवाज चढलेला नव्हता. जेठांनी कप खाली ठेवला आणि ते घराबाहेर निघून गेले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं मन वगैरे काही पालटलं नव्हतं. त्या उन्हाकडे बघत होत्या. "मोज व माय," त्या वैतागून म्हणाल्या. "चक्की बंद व्हई जाई."

मी जाऊबाईंच्या मुलीची मूठ टाकली. सासूबाईंनी नाव घेतलं नाही, म्हणून नाव मीच घेतलं. पुढे कोणी कोणी मला विचारलं, स्वतःची का नाही टाकली? सुचलं होतं. पण एका दिवशी एक भांडण पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी पुरण वाटायचं होतं.

रविवारी जाऊबाईंची मुलगी आली. तिला फोनवर सगळं कळलेलं होतं. ती आली ती घाबरलेलीच, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, काकू, मन्हा भाऊसले काही व्हई ते? मी म्हटलं, तुझ्या भावांची मूठ तुझ्या आजीने जन्मभर मोजली, तुझ्या एका घासाने त्यांना काय होतंय? म्हटलं खरं, पण मग मीही देवीपुढे जाऊन हात जोडून आले. रोट मी केले. सगळे सारख्याच आकाराचे झाले याची मी मुद्दाम काळजी घेतली.

नैवेद्य झाला, पंगत बसली. दरवर्षी पुरुष आधी बसतात. मी माझ्या मुलीला तिच्या बापाशेजारी बसवलं आणि तिच्याशेजारी जाऊबाईंच्या मुलीला. समोर जेठ होते. मी वाढत गेले. माझ्या मुलीने रोट वाढल्याबरोबर मोडला, तुपात बुडवला आणि खायला लागली, भूक लागली होती तिला. जाऊबाईंच्या मुलीच्या ताटात रोट पडला तेव्हा ती हात आवरून बसली. तिने वडिलांकडे पाहिलं. जेठांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते ताटावरून उठले, न जेवता हात धुतला आणि बाहेर गेले. माझ्या मुलीचाही हात थांबला. माझा नवरा खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, आता जाऊबाईंची मुलगीही उठणार, आणि ती उठली तर पुन्हा कधी बसणार नाही.

"बठ," पडवीतून जाऊबाई म्हणाल्या. या वेळी आवाज चढलेला होता, ओट्यावर गेलेल्या जेठांना ऐकू जाईल इतका. "खाय बेटा. तुन्ही मूठ शे ती."

तिने घास मोडला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती खात होती, पुसायलाही थांबली नाही. ताट रिकामं होत आलं तशी जाऊबाईंनी दाराबाहेरूनच मला हाक मारली.

"वाढ व तिले आजून एक."

मी वाढला.