उपासाच्या दिवशीची गोळी

आईच्या डोक्यातली गाठ काढून काही महिने झाले होते, आणि तिला पुन्हा झटके येऊ लागले. आधी उजवा हात थरथरायचा, मग तोंड वाकडं व्हायचं आणि ती पडायची. ऑपरेशनच्या आधी अगदी असंच होत असे. गाठ पुन्हा आली, असं आम्ही धरूनच चाललो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी भवानीनगरला कारखान्याच्या ऊस विभागात कारकुनी करत होतो. आई सांगवीला शेतावर, माझ्या बायकोजवळ. मी रविवारी घरी जायचो आणि सोमवारी पहाटे निघायचो. आठवड्याचे बाकीचे दिवस आई काय खाते, काय सोडते, मला ठाऊक नसे. विचारलंही नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि हात आखडता घेतला. "ज्यांनी डोकं उघडलंय त्यांच्याकडंच न्या," म्हणाले. छोट्या आगगाडीनं दौंड आणि तिथून मुंबई. आई सबंध वाटेत खिडकीकडं तोंड करून बसली होती. पदराखाली नुकते वाढू लागलेले केस कुणाला दिसू नयेत, म्हणून.

त्या इस्पितळाची रीत आमच्याकडच्यापेक्षा वेगळी होती. शुक्रवारी सकाळी चार डॉक्टर आणि वॉर्डाची सिस्टर मिळून एकेका खाटेशी येत. ऑपरेशन करणारे सर्जन, मज्जातंतूंचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर आणि एक्स-रे काढणारे. आमच्या गावात रोग्याभोवती माणसं जमतात तेव्हा सगळी एकदम बोलतात. इथं एक जण बोलायचा, बाकीचे ऐकायचे, आणि मग कुणीतरी शांतपणे म्हणायचं, "मला तसं वाटत नाही." पहिल्या खेपेला मला याचा रागच आला होता. यांचं यांनाच ठरवता येत नसेल तर आम्ही कुणाच्या भरवशावर राहायचं?

सर्जन म्हणाले, "मुळाशी थोडी राहिली असेल. वाढली असेल तर पुन्हा उघडावं लागेल. आधी हवेचा फोटो काढू."

हवेचा फोटो म्हणजे कण्यात सुई खुपसून हवा सोडायची, ती वर मेंदूपर्यंत चढली की एक्स-रे काढायचा. आईनं तो एकदा सोसला होता. ती उठून बसली.

"त्यो फोटू न्हाय काढायचा. मला घरी न्या. मेल्यावर काढा."

"मेल्यावर काढून आम्हाला काय कळणार, बाई?"

"मग आता काढून काय कळलं हुतं? गाठ हाय म्हनून मीच सांगत हुते की."

सर्जन हसले, पण फोटोचं मागं घेतलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या मागच्या पडद्याला सूज नाही. आत दाब वाढला असता तर ती दिसली असती. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी मला विचारलं, झटके कोणत्या वारी आले? बायकोनं कळवलेलं मी आठवून सांगितलं, एक मंगळवारी पहाटे, एक शुक्रवारी, शेवटचा पुन्हा मंगळवारी. मग सिस्टर म्हणाली, "काल यांनी जेवणाचं ताट परत पाठवलं. गोळ्याही घेतल्या नाहीत. गुरुवार आहे म्हणाल्या."

मज्जातंतूंचे डॉक्टर खाटेच्या कडेला बसले.

"मावशी, गुरुवारी गोळी घेत नाही?"

"गुरवारी उपास आस्तुया."

"आणखी कधी असतो?"

"सोमवार हाय. शनवार हाय. एकादशी तर लगीन झाल्यापासनं."

"आणि त्या दिवशी गोळी?"

"तुमीच म्हनला हुता, जेवल्यावर घ्यायची. जेवलेच न्हाय तर कशी घ्यायची? गोळीला काय खोटं सांगू?"

डोळ्यांचे डॉक्टर तोंडावर रुमाल धरून खिडकीकडं वळले. झटके थांबवणारी ती गोळी होती, आणि एक दिवसही चुकवायची नव्हती. सर्जननी विचारलं, "एवढे उपास कुणी सांगितले?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "सोमवार ह्यो बोललाय महादेवाला."

खरं होतं. ऑपरेशन चाललं असताना बाहेरच्या बाकावर बसून मी नवस बोललो होतो, आई वाचली तर ती सोळा सोमवार करील. मी स्वतः काही करायचं कबूल केलं नव्हतं. बायको गुरुवार बोलली होती, आई स्वतः शनिवार. ती जितकी बरी होत गेली, तितका तिचा विश्वास वाढला आणि गोळ्या कमी झाल्या.

त्यांनी ठरवलं की फोटो थांबवायचा, गोळ्या नेमानं द्यायच्या आणि वाट बघायची. झटका आला तर मात्र फोटो काढायचा आणि गरज पडली तर डोकंही उघडायचं. शनिवारची गोळी आईनं कुरकुरत घेतली. तो नवस तिचा होता, मारुतीला ती समजावणार होती. सोमवारी सकाळी सिस्टर दूध आणि गोळी घेऊन आली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

"नवस मोडला तर गाठ परत यील," ती मला म्हणाली. "ह्या डॉक्टरांला काय ठावं?"

"आई, नवस मी बोललो. तुला न विचारता तुझ्या नावावर टाकला. सोमवार मी धरतो."

"आन पाप लागलं तर?"

"मला लागंल."

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "सकाळी च्या घेतलास?"

"घेतला. बटरबी खाल्लं."

"मग ह्यो सोमवार बाटला. फुडच्यापासनं धर." मग सिस्टरकडं वळून म्हणाली, "आन ते हिकडं. दुधात साखर टाकलीया का न्हाय?"

पुढं झटका आला नाही. फोटो काढला नाही. पंधरवड्यानं आम्ही दौंडवरून परत आलो.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. गुरुवार, शनिवार आणि एकादशी ती दूध-गोळी घेऊन करत राहिली. पापाचं माझ्यापुरतं काय झालं, ते मला माहीत नाही; विचारण्याची सोयही नाही. सोळा सोमवार केव्हाच झाले, पण पुरे म्हणायला ती तयार नव्हती आणि माझी हिंमत झाली नाही. सुट्टीचा सोमवार आला की ती चुलीपासून मान लांबवून बघायची, माझ्या पुढ्यात काय आहे ते.