वाजवून घेतलेला दगड

ग्रॅनाइट घेताना आधी वाजवून बघतात. हातोडी हलकेच मारायची आणि कान द्यायचा. चांगला दगड टण्ण वाजतो. आत चीर असली तर बद्द. तीस वर्षं मी माझ्या शिल्पांसाठी असेच दगड घेतले. दगडवाल्यांत माझं नाव होतं, की या बाईचा कान पक्का. गेली दोन वर्षं मला तो टण्ण ऐकूच येत नव्हता, आणि हे मी कुण्णाला सांगितलं नव्हतं.

ग्राइंडरने कान खाल्ले. मास्क मी न चुकता लावायची, छातीची भीती होती ना! कानात बोळे घालायचा मात्र कंटाळा. ट्रक, कुकर, समोरच्या सोसायटीत भोंगे लावून चाललेलं देवीचं जागरण, सगळं ऐकू येतं. बारीक आवाज तेवढे गेले. घरी, दिल्लीतल्या द्वारकेला, मी नवऱ्यावरच डाफरायची, "पुटपुटता काय? तोंड उघडून बोला की!" तो मंत्रालयातून निवृत्त झालेला शांत माणूस. "बरं," म्हणायचा.

दगड घ्यायला गेले की हातोडी मारायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. शुद्ध नाटक. पण एकही दगड फसला नाही. मला वाटलं, अनुभव आहे, हाताला कळत असेल. माझा राजस्थानी कारीगर दरवेळी बरोबर असायचा. हा शेवटचा काळा दगड घेतला तेव्हा तेवढा तो गावी गेला होता आणि मी एकटीच गेले होते.

नोएडातल्या एका कंपनीच्या अंगणासाठी काम होतं. पुरुषभर उंच दगड, वर जाऊन एका बाजूला झुकलेला. त्या झुकलेल्या भागाखाली बाक ठेवायचा होता, लोक सावलीला बसतील म्हणून. काय आहे हे, असं सगळेच विचारायचे. आम्ही काम करतो त्या शेडचा गार्ड तर "मैडम, कौन से भगवान हैं?" म्हणून हात जोडून मोकळा झाला.

काम अर्ध्यावर आलं आणि कारीगराने दगडाच्या मानेपाशी, जिथून तो झुकतो तिथे, छन्नी थांबवली. "मैडम, इधर आवाज ठीक नहीं है. बाल होगा." बाल म्हणजे केसाएवढी चीर. मी हातोडी घेऊन तिथे मारली. हाताला धक्का बसला, बाकी काही नाही. मग मी काय करावं? त्याच्यावर ओरडले! वीस वर्षं माझ्याकडे असलेल्या माणसावर, शेजारच्या शेडमधले लोक बघत असताना. "अब आप मुझे सिखाओगे?" तो "आप जानो" म्हणाला आणि खाली मान घालून कामाला लागला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि मला विचारायला तोंड उरलं नाही.

पुढचे तीन महिने मी त्या शेडमध्ये कोंडल्यासारखी होते. पाणी मारून पाहिलं, ओली रेघ कुठे राहते का ते. नाही राहिली, पण खोलवरची चीर पाण्याला तरी कुठे सापडते? कारीगर घरी गेला की दार लावून वाजवत बसायची. कान टेकवला. दातसुद्धा टेकवले हो, दगडाला! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कान गेला हे सांगितलं तर पुढचं काम कोण देणार? आणि नाही सांगितलं, आणि तो दगड बाकावर बसलेल्या कुणाच्या डोक्यात पडला तर? दगड पॉलिश होऊन आरशासारखा झाला आणि मला त्यात माझंच भेदरलेलं तोंड दिसायचं.

सोमवारी तो उचलायला हायड्रा क्रेन येणार होती. रविवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "चला, झालेलं काम बघायला." त्याला आणायचं एक कारण होतं. माठ घ्यावा तर त्यानेच. दर उन्हाळ्यात रस्त्याकडेला बसून दहा माठ वाजवतो. चांगल्याला एक टिचकी. शंका आली तर त्याच जागी तीन. मग माठ अलगद खाली ठेवून कुंभाराला म्हणतो, "बढ़िया है भैया, बस थोड़ा बड़ा है." कुणाचं मन मोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव.

मेट्रोत तासभर तो काहीबाही बोलत होता आणि मी हं हं करत होते. शेडमध्ये गेल्यावर हातोडी त्याच्या हातात दिली. "अहो, जरा वाजवून बघा ना. माठासारखा." मला का सांगतेस, असं त्याने विचारलं नाही. बुडाशी एकदा मारलं. मधे एकदा. मग मानेपाशी. थांबला. पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच.

हातोडी त्याने अलगद खाली ठेवली. माझ्या अगदी समोर आला आणि ओठ नीट हलवत, मोठ्याने म्हणाला, "छान आहे. खणखणीत."

दगडाचं तर कळलंच. पण हा माणूस हल्ली नेहमी असाच समोर येऊन बोलतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. किती दिवसांपासून, कोण जाणे! "खोटं बोलू नका हो," म्हटलं आणि रडायलाच लागले. तो म्हणाला, "तीन महिने राबलीस. मला नाही सांगवलं."

डोळे पुसले आणि त्याच्यासमोरच कारीगराला फोन लावला. "आप सही थे. बाल है. मुझे सुनाई नहीं देता." माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. पलीकडून तो काहीतरी बोलायला लागला, खूप वेळ. मला शब्द लागेना, म्हणून फोन नवऱ्याकडे दिला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, उद्या हायड्रा नको म्हणून कळवायला त्यालाच सांगितलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

नवरा पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हणतोय, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मॅडम दगड बघायला जायच्या आदल्या दिवशी मी जाऊन वाजवून यायचो आणि दगडवाल्याला सांगून फुटके मागे ठेवायला लावायचो. या वेळी तेवढा गावी होतो, मॅडमना म्हणावं माफ करा."