काकूचा होकार

माझी काकू कपडे शिवते, आणि कोणाचं मन मोडणं तिला जमत नाही. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा या दोन गोष्टींनी मिळून नुसता गोंधळ घातला. गिऱ्हाईक म्हणे, "खिसा नको हं." काकू म्हणे, "हो हो!" आणि शर्टाला झकास दोन खिसे. भांडायला आलेल्यालाही ती हसून "हो हो"च म्हणायची. मग भांडणार तरी कोणाशी? माणसं मुकाट्याने दुसरा शिंपी गाठायची.

कानाचे डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाच्या तोंडाशी एक इवलंसं हाड असतं, ते घट्ट बसलंय, म्हणून आवाज आत पोचत नाही. ऑपरेशन झालं. कानाची जखम भरल्यावर काकांनी हळूच विचारलं, "येतंय का गं ऐकू?"

"हो हो!"

काकांनी कपाळाला हात लावला. आयुष्यभर हेच उत्तर ऐकलेल्या माणसाने विश्वास ठेवावा तरी कसा? "ऑपरेशन वाया गेलं असलं तरी ही बाई पत्ता लागू देणार नाही," ते मला म्हणाले. "आणि दुकान जाईल हातचं." खरं काय ते आता श्रवण चाचणीच सांगणार होती.

काकू काचेपलीकडच्या खोलीत पाठमोरी बसली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, की इकडे दिवा लागणार. दिवा लागला. पुन्हा लागला. लागतच राहिला. तपासणाऱ्या ताई उठून आत गेल्या.

"काकू, मी मध्येमध्ये मुद्दाम आवाज दिलाच नव्हता. तरी तुम्ही दाबलंत!"

"अगं, तू एवढी मेहनत घेतेस. न दाबणं बरं दिसतं का?"

मला हसू आवरेना, काकांना राग. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "माझं मन राखू नका. ऐकू आलं नाही तर खुशाल गप्प बसा."

पुन्हा सुरुवात झाली. दिवा लागेचना. काकांनी माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. ताई हसून म्हणाल्या, "अहो, अजून आवाज दिलाच नाहीये." मग त्यांनी दिला, अगदी बारीक. दिवा लागला. थांबवला, दिवा गप्प. त्याहून बारीक दिला. क्षणभर काहीच नाही, आणि मग लागला! ऐकण्याच्या आलेखाच्या कागदावर ऑपरेशनआधी तळाशी पडलेले ठिपके आता चांगले वर चढले होते.

"ऑपरेशन मस्त झालंय," म्हणत ताईंनी खोलीचं दार उघडलं. मला तर नाचावंसं वाटलं. काकू अजून पाठमोरीच, हेडफोन काढून केस नीट करत होती. काका डोळे पुसत माझ्या कानाशी कुजबुजले, "मेलो रे! आता हिच्यासमोर काही बोलायची सोय राहिली नाही."

"पाठीमागेही नाही," काकू मान न वळवता म्हणाली.