भिंतीपासून नऊ फूट

संघमित्रा खरातचं काम कागदावर ‘समन्वय’, पण मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात सगळे तिला टपालवालीच समजत. पाणी खातं रस्ते खात्याशी बोलत नाही, रस्ते खातं गॅस कंपनीशी बोलत नाही. रुसलेल्या विहिणींसारखी ही मंडळी मधल्या माणसाकरवीच बोलणार, आणि ते मधलं माणूस म्हणजे ही. बारा वर्षं कंत्राटावर. कोणाचं काय कुठे पुरलंय ते तिला तोंडपाठ, पण सहीचा अधिकार शून्य.

त्या दुपारी ती पत्र द्यायला साइटवर गेली. पाण्याच्या नव्या लाइनसाठी एका सोसायटीसमोर जेसीबी चर खणत होता. पाणी खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर हर्षद नकाशा घेऊन उभा होता. गॅसची लाइन सोसायटीच्या भिंतीपासून चार फुटांवर, म्हणून चर त्यानं नऊ फुटांवर आखला होता. दोन्हींमध्ये पाच फूट मोकळे सोडले होते.

संघमित्राची नजर भिंतीवर गेली. अजून रंगही न लागलेली भिंत. ती धावतच पुढे गेली.

“हर्षद, मशीन थांबव. रस्ता रुंद करताना जुनी भिंत पाडली, ही पाच फूट मागे बांधलीय. तुझा नकाशा जुन्या भिंतीचा आहे. तू गॅसवरच खणतोयस.”

“ताई, गॅसवाल्यांनी परवाच या नकाशावर शिक्का मारून दिलाय. तुमच्याकडे लेखी काय आहे?”

लेखी काहीच नव्हतं. तिनं गॅस कंपनीतल्या देवेशला फोन लावला. त्यानं कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, “चारच फूट आहे. भिंत सरकली हे आम्हाला कोण सांगणार?”

जो तो आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होता. जेसीबीचा दात खाली जात होता आणि दहा पावलांवर वडापावच्या गाडीवर कढई तापत होती.

संघमित्रा चरात उतरली आणि थेट दातासमोर उभी राहिली. जेसीबीवाल्या गुणाजीनं घाबरून इंजिन बंद केलं.

“नोकरी जाईल ताई तुमची,” हर्षद म्हणाला.

“जाऊ दे रे. आधी त्या कढईखालचा जाळ विझव, मग हातानं खण.”

मजुरांनी कुदळ बाजूला ठेवून अलगद माती काढली. हातभर खाली धोक्याची पिवळी पट्टी लागली, तिच्याखाली पाइप. हर्षदनं हातातला नकाशा दुमडला.

“बाय, तुका कसा कळला?” गुणाजीनं विचारलं.

“भिंत मागे घ्यायचं पत्र मीच नेलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. सोसायटीला दिलं, रस्ते खात्याला दिलं.” तिनं चरातल्या पाइपकडे पाहिलं. “गॅसवाल्यांना दे असं कोणी सांगितलं नाही. म्हणून मीही नाही सांगितलं.”