किल्ली नाथाजीच्या खिशात

मंगलचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकरी, धार, पाणी उरकून ती पहिल्या एसटीनं तासगावला यायची आणि बेदाण्याच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभी राहायची. पट्ट्यावरून बेदाणा सरकत जातो. त्यातले काळे मणी आणि काड्या वेचायच्या. सोपं वाटतं. तासभर उभं राहून बघा. मी तिथं पेट्या उचलायचो. मंगलच्या हातून गेलेल्या पेटीत काडी मला कधी दिसली नाही.

बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली नाथाजीच्या खिशात. नाथाजी म्हणजे सुपरवायझर. नोकरीत त्यानं उचललेली सगळ्यात जड वस्तू ती किल्लीच. बायका उगाच वेळ काढतात, हा त्याचा शोध. कुणी किल्ली मागितली की चारचौघांत विचारायचा, "आत्ताच गेल्तीस न्हवं?" बायकांनी पाणी पिणं सोडलं. मंगलला लघवीची जळजळ होऊन ताप भरला, तेव्हा तिनं ऑफिसात जाऊन तक्रार केली.

ऑफिसात दिग्विजय. ऊसवाल्या घरचा, शिकलेला, कामगारांची गाऱ्हाणी ऐकायचा पगार घेणारा. त्यानं मान हलवली आणि चौकशी नाथाजीवरच सोपवली. नाथाजीनं नाथाजीला विचारलं. नाथाजी निर्दोष निघाला. मग दिग्विजयनं मंगलच्या सासरी फोन लावला. गावाकडं भांडण मिटवायचं ते घरच्या कर्त्याला बोलावून. बाईशी काय बोलायचं! ही अक्कल त्यानं बांधावरून थेट खुर्चीवर आणली होती. मंगलचा नवरा मल्हार मेंढरं घेऊन लांब गेलेला, म्हणून थोरला दीर बाळासो आला. इस्त्रीची कापडं घालून.

त्याला खुर्ची मिळाली, चहा, बिस्किटं. मंगल उभी. पेट्या नेताना दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"पाव्हणं, जरा समजवा तिला," दिग्विजय म्हणाला.

"समजवायचं काय त्यात? उद्यापासनं येणार न्हाई ती." बिस्कीट बुडवता बुडवता बाळासोनं निकाल दिला. "मुतारीपायी घराची अब्रू घालवतीस व्हय गं?"

"तरास मला हाय, भावजी," मंगल म्हणाली. "आन् चा तुमी पिताय."

"लय बोलाया लागलीस!"

"बोलाया मीच आल्ते. तुमाला कशापायी बोलावलं ते सायबांना इचारा."

साहेबांनी कोरा कागद वाचायला घेतला.

"कामाला जायाचं आसंल तर आमच्या दारात येऊ नगंस," असं बजावून बाळासो गेला. मंगल पट्ट्यावर परतली.

दुपारी तिनं किल्ली मागितली. नाथाजीनं नेहमीचा प्रश्न विचारला. तिच्या शेजारी काम करणारी म्हातारी हरणाबाई पट्टा सोडून पुढं आली.

"मलाबी जायाचंय. आन् ह्या समद्यास्नी. इचार एकेकीला, नाथाजी. लाजू नगंस."

सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. निवडायला कुणी नाही; बेदाणा काड्यांसकट पेट्यांत पडायला लागला. नाथाजी पट्टा बंद करायला धावला, तर बटण कुठं आहे ते त्याला दुसऱ्याला विचारावं लागलं. बायका रोज तसंच करू लागल्या. आठवड्याच्या आत कुलूप निघालं. दिग्विजयनं दारावर पाटी लावली, 'महिलांसाठी विशेष सुविधा', आणि फोटो काढून घेतला. फोटोत नाथाजी पुढं, हात बांधून. मंगलला कुणी बोलावलं नाही.

सासरचं दार तर तिला त्याच दिवशी बंद झालं होतं. ती हरणाबाईकडं झोपायची आणि सकाळी कामाला यायची. मल्हारला फोन करून भावाशी बोलणार का विचारलं, तर तो म्हणाला, "दादाच्या पुढं मी काय बोलू?" मेंढरू निदान ओरडतं तरी.

तिनं पुन्हा विचारलं नाही. पगारातलं साठलेलं होतं, त्यातून तासगावात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. मल्हार मेंढरं घेऊन परतला, तेव्हा बायकोच्या हातची भाकरी खायला त्याला तिथं यावं लागलं.